मजकूर सगळ्यांचा, रूप ज्याचे त्याचे

प्रोग्रामच्या फाइलला रंग नसतो. काळ्या पार्श्वभूमीवर जांभळ्या, पोपटी, केशरी अक्षरांत उजळलेला कोड पाहिला की हे रंग त्या कोडचेच आहेत असे वाटते. प्रत्यक्षात डिस्कवर असते ती अक्षरांची एक सलग रांग: अक्षर, अक्षर, मोकळी जागा, ओळ संपल्याची खूण, पुन्हा अक्षर. तीच फाइल शेजारच्या टेबलावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर उघडलेली असते, पलीकडे कोणी ती दुप्पट मोठ्या अक्षरांत वाचत असते. तिघांचे काम एकाच मजकुरावर चालते, पण एकाने आपली थीम बदलली म्हणून दुसऱ्याच्या पडद्यावरचा एक ठिपकाही हलत नाही.

वर्डमध्ये लिहिलेल्या पत्राचे असे नसते. तिथे फॉन्ट, आकार, रंग हे सारे पत्राच्या पोटातच साठवले जाते. लिहिणाऱ्याने शीर्षक लाल केले की वाचणाऱ्यालाही ते लालच दिसते. छापील पुस्तकात टाइप, समास आणि ओळींमधले अंतर प्रकाशक ठरवतो, आणि वाचकाच्या हाती फक्त स्वतःचा चष्मा उरतो. मजकूर आणि त्याचे दर्शन यांची कोड एडिटरने केलेली फारकत लेखनाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. थीम बदलणे, फॉन्ट निवडणे, ओळींची उंची वाढवणे याकडे फावल्या वेळची हौस म्हणून पाहिले जाते. मला तो वाचकाचा हक्क वाटतो. हक्काबरोबर जबाबदारी येते, तशी ती इथेही आहे.

हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. कित्येक दशके यंत्र दाखवील तसे पाहावे लागत होते. आयबीएमने 1928 मध्ये 80 स्तंभांचे छिद्रपत्र आणले. एका पत्रावर फार तर 80 अक्षरे मावत, म्हणून प्रोग्रामच्या ओळीलाही तेवढीच मर्यादा पडली. पुढे पत्रे जाऊन पडदे आले, तरी तो आकडा टिकला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलची नेहमीची मांडणी 80 स्तंभ आणि 24 ओळी अशीच होती. अक्षरे हिरवी दिसणार की पिवळसर, हे काचेला आतून लावलेल्या फॉस्फरवर ठरे, आणि समोर बसणाऱ्याला त्यात काही बोलायची सोय नव्हती. पायथनची पीईपी 8 ही नियमावली आजही ओळ 79 अक्षरांत संपवायला सांगते. लिनक्स कर्नलच्या तपासणीत 80 ऐवजी 100 अक्षरांची मुभा मिळाली ती 2020 मध्ये. एडिटरच्या उजव्या अंगाला जी फिकट उभी रेघ आपण सेटिंगमधून आखून घेतो, तिच्यामागे हा एवढा इतिहास आहे.

यंत्राचा ठसा माणसाच्या बोटांवरही उमटला. बर्कलीत 1976 च्या सुमारास बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिला, तेव्हा ते लिअर सिग्लर कंपनीचे एडीएम-3ए टर्मिनल वापरत. त्याच्या कळफलकावर बाण छापलेले होते ते एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवर. जॉय यांनी कर्सर हलवायला त्याच कळा घेतल्या, आणि त्यांच्याच परंपरेतल्या विममध्ये कर्सर आजही त्यांनीच हलतो. घरून काम करताना जॉय यांची जोडणी 300 बॉडची असे, म्हणजे सेकंदाला साधारण 30 अक्षरे. 80 गुणिले 24 अक्षरांचा पडदा पूर्ण भरायला त्या वेगाने मिनिटाहून जास्त वेळ लागतो. एडिटरच्या आज्ञा एकाक्षरी का झाल्या, याचा उलगडा इथे होतो. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक अक्षराची किंमत मोजावी लागत होती. अशा काळात रूप निवडण्याचा विचार कोण करणार?

तो विचार आला एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतून. तिथे टेको नावाचा एडिटर होता. त्यात जो तो आपापल्या सोयीचे मॅक्रो लिहून ठेवी. गाय स्टील यांनी त्या पसाऱ्याला शिस्त लावायला घेतली, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम पुढे नेले, आणि 1976 मध्ये ईमॅक्स तयार झाला. त्यामागची कल्पना अशी की एडिटर हा बाहेरून मिळालेला पक्का माल नव्हे. वापरणाऱ्याने तो आतून बदलावा, आणि बदललेले इतरांनाही द्यावे. 1985 च्या जीएनयू ईमॅक्समध्ये त्यासाठी लिस्प ही संपूर्ण भाषाच हाताशी आली. आज व्हीएस कोडमध्ये आपण सेटिंग्जची जेसॉन फाइल उघडून फॉन्टचा आकार 14 वरून 17 करतो, तेव्हा त्याच कल्पनेचा लाभ घेत असतो. स्टॉलमन यांनी पुढे सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याचा जो लढा उभारला, त्याचे बीज मला या एडिटरमध्येच दिसते. आपल्या हातातले अवजार आपल्याला बदलता यावे, ही त्या लढ्यातली अगदी पहिली मागणी होती.

मग रंग आले. कोडचे वाचन सुलभ व्हावे म्हणून अक्षरांना वेगळेपण देण्याची कल्पना पडद्याहून जुनी आहे. 1960 च्या अल्गोल भाषेतले प्रोग्राम पुस्तकांत आणि नियतकालिकांत छापले जात, तेव्हा त्यातले भाषेचे राखीव शब्द ठळक टाइपात असत. रंगीत पडद्यावर हे काम जिवंतपणे करणाऱ्या पहिल्या काही एडिटरांपैकी एक जन्माला आला तो शब्दकोशाच्या कामातून. 1985 मध्ये आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संगणकीकरणासाठी लेक्स हा एडिटर लिहिला. मजकूर टंकला जात असतानाच तो त्याची रचना ओळखी आणि निरनिराळे घटक निरनिराळ्या रंगांत व टाइपांत दाखवी. ज्याने दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश चाळला आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. कोशातली एक नोंद म्हणजे दाट वस्तीचा मजकूर: ठळक शब्द, मग लिंग आणि शब्दजाती यांचे संक्षेप, अर्थ, वापराचे दाखले, व्युत्पत्ती. हे सगळे एकाच ठशात छापले तर डोळा हरवतो. कोडही तसाच दाट असतो.

आपल्याकडचे पोथ्यांचे लेखक हे जाणून होते. काळ्या शाईच्या सलग ओळींत अध्यायाची समाप्ती, श्लोकांचे आकडे, दंड यांना हिंगुळाचा किंवा गेरूचा लाल रंग दिलेला अनेक जुन्या हस्तलिखितांत आढळतो. चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप असतो. लाल रंग तिथे शोभेसाठी आलेला नाही. शब्दही न तोडता लिहिलेल्या मजकुरात वाचणाऱ्याला थांबायची जागा तो दाखवतो. फरक एकच. पोथीत रंग लेखकाने दिला आणि तो कायमचा झाला. एडिटरमध्ये रंग वाचक देतो, आणि मनात आले की काढून घेतो.

हा रंग काय सांगतो, हे एका साध्या प्रसंगात नीट कळते. अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, बहुतेक थीममध्ये एका रंगाचा असतो, हिरवा धरू. काही भाषांत स्ट्रिंग एका ओळीवरून दुसरीवर जाऊ शकते. अशा ठिकाणी शेवटचे अवतरणचिन्ह द्यायचे राहिले, तर त्याच क्षणी खालचा सगळा कोड हिरवा होऊन जातो. फंक्शनची नावे, आकडे, अटी, सगळे एका रंगात बुडते. कंपायलरने चूक सांगण्याच्या आधी ती डोळ्याला दिसते, आणि हिरवा रंग जिथून सुरू झाला त्याच्या आसपास शोधले की सापडते. हा रंग भाषेच्या व्याकरणातून आलेला असतो. 2004 मध्ये आलेल्या टेक्स्टमेट या एडिटरने व्याकरणाची वर्णने वेगळ्या फाइलीत आणि रंगांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवण्याची पद्धत रूढ केली. सब्लाइम टेक्स्ट आणि व्हीएस कोड यांनी तीच पद्धत उचलली. त्यामुळे थीम तयार करणाऱ्याला जावा किंवा पायथन यायलाच हवे असे नाही. स्ट्रिंगला कोणता रंग, संख्येला कोणता, राखीव शब्दाला कोणता, एवढे त्याने सांगितले की पुरते.

यातही कारागिरीला केवढा वाव आहे, हे पाहायचे तर ईथन शूनोव्हर यांच्या 2011 च्या सोलराइज्ड या रंगसंगतीकडे जावे. त्यात एकूण 16 रंग आहेत. आठ छटा पार्श्वभूमीच्या आणि साध्या मजकुराच्या, आठ रंग ठळकपणासाठी. शूनोव्हर यांनी हे रंग सीआयई लॅब या पद्धतीने मोजून बसवले. माणसाच्या डोळ्याला किती उजेड जाणवतो याचे माप या पद्धतीत वेगळे मांडता येते. त्यामुळे पार्श्वभूमी आणि मजकूर यांच्या छटांची अदलाबदल करून गडद रूपाचे फिकट रूप केले, तरी उजेडातला फरक तोच राहतो, आणि आठही ठळक रंग दोन्हीकडे जसेच्या तसे चालतात. उन्हाळ्यात झाडाच्या सावलीला बसून पुस्तक वाचताना कागद आणि शाई यांच्यातला विरोध सौम्य होतो आणि तरी अक्षर स्वच्छ दिसते, हा अनुभव त्यांनी या कामामागे धरला होता. त्यांनी साधलेला सौम्यपणा सगळ्यांना मानवत नाही. ज्यांची नजर अधू आहे त्यांना तो फारच फिका वाटतो. म्हणून तर इतर शेकडो थीम आहेत, आणि जास्तीत जास्त विरोध दाखवणारी हाय कॉन्ट्रास्ट थीमही प्रमुख एडिटरांत दिलेली असते.

रंग कुठे द्यायचा, या प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. बहुतेक थीममध्ये कॉमेंट फिकट राखाडी असतात. यंत्र कॉमेंटकडे दुर्लक्ष करते, म्हणून त्या मागे सारायच्या, असा त्यामागचा हिशेब. पण कॉमेंट लिहिणाऱ्याने त्या माणसासाठीच लिहिलेल्या असतात: हा आकडा इथे का आहे, ही अट काढली तर काय बिघडेल, कोणत्या प्रसंगासाठी ही वाकडी वाट धरली. यंत्राच्या गरजेप्रमाणे रंगवायचे की वाचकाच्या? निकिता प्रोकोपोव्ह यांनी ॲलाबास्टर ही थीम करताना वाचकाची बाजू घेतली. तिच्यात मोजक्याच घटकांना रंग आहे, राखीव शब्दांना तर नाहीच, आणि कॉमेंट मात्र उठून दिसतात. हे मला पूर्ण पटते. सगळ्यालाच रंग दिला की डोळ्याला कुठेच खूण उरत नाही. शिवाय राखीव शब्द सरावाच्या माणसाला न रंगवताही ओळखू येतात. रंगाची गरज असते ती नजरेआड होऊ नये अशा मजकुराला.

याच्याही पुढे जाऊन रंग पूर्णपणे नाकारणारी जाणती माणसे आहेत. रॉब पाइक यांनी प्लॅन 9 या प्रणालीसाठी ॲक्मे हा एडिटर लिहिला. त्यात कोडला रंग नाहीत. फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे, तीही छापील पुस्तकातल्यासारखी कमीअधिक रुंदीच्या फॉन्टमध्ये. पाइक यांचे काम पाहता त्यांना कोड कळत नव्हता असे कोणी म्हणू धजणार नाही. त्यांना जे रूप वाचायला शांत वाटले ते त्यांनी घेतले. रंगांची लयलूट करणारा नवशिका आणि रंग नाकारणारे पाइक यांच्यात मला विरोध दिसत नाही. दोघे एकच हक्क वापरत आहेत.

गडद पार्श्वभूमी आणि फिकट पार्श्वभूमी यांचा वाद याच नजरेने पाहावा. जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तरुण आणि वयस्क, दोन्ही गटांना फिकट पार्श्वभूमीवरची गडद अक्षरे अधिक चांगली वाचता आली. उजळ पडद्यामुळे बाहुली आकुंचते आणि बारीक तपशील अधिक रेखीव दिसतो, हे त्याचे दिलेले स्पष्टीकरण. दृष्टिवैषम्य असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. दुसऱ्या बाजूला, अंधाऱ्या खोलीत उशिरापर्यंत काम करणाऱ्याला, किंवा प्रखर उजेड सोसत नाही अशा डोळ्यांना, गडद पडद्याने आराम पडतो. प्रयोग सरासरी सांगतो. पडद्यासमोर बसलेला डोळा एकाच माणसाचा असतो. त्याचा नंबर, त्याचे वय आणि त्याच्या खिडकीतला उजेड त्याचा त्यालाच माहीत. लाल आणि हिरवा यांत गल्लत होणाऱ्यांचेही तसेच. कोडमधले बदल दाखवताना गाळलेली ओळ लाल आणि घातलेली हिरवी, ही रूढ खूण त्यांच्या उपयोगाची नाही. गिटहबने अशांसाठी लाल-हिरव्याऐवजी केशरी-निळ्याची थीम दिली आहे. मूळ मजकुरात त्यासाठी काहीच बदलावे लागत नाही, आणि ही सोय एवढी सहज झाली ती रंग मजकुराबाहेर ठेवल्यामुळे.

फॉन्टकडे वळले की मराठी माणसाला आपल्या लिपीचे काही वेगळे प्रश्न भेटतात. कोडसाठी समान रुंदीचे फॉन्ट वापरतात. त्यांत शून्याच्या पोटात तिरपी रेघ किंवा ठिपका असतो, म्हणजे ते इंग्रजी ओ या अक्षराहून वेगळे दिसते. एकचा आकडा, छोटा एल आणि मोठा आय यांनाही वेगवेगळे पाय आणि माथे दिलेले असतात. देवनागरीला हा समान रुंदीचा साचा नीट बसत नाही. र आणि क्ष यांना एकाच मापाच्या खणात कोंबले की एक मोकळा पडतो आणि दुसरा गुदमरतो. ज्यांना मराठी लेबले, संदेश, कॉमेंट असलेला कोड वाचावा लागतो त्यांच्यासाठी दोन सेटिंग्ज मोलाच्या आहेत. फॉन्टच्या नावांच्या यादीत रोमन फॉन्टनंतर स्वल्पविराम देऊन नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’, असा सुवाच्य देवनागरी फॉन्ट लिहावा, म्हणजे यंत्र मनाला येईल तो फॉन्ट उचलत नाही. आणि ओळीची उंची थोडी वाढवावी. रोमन अक्षरांना पुरणाऱ्या उंचीत आपला रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीला भिडतो, आणि उकार खाली कापला जातो.

देवनागरी वाचणाऱ्याला मजकूर आणि रूप यांची फारकत खरे तर परकी नाही. फाइलमध्ये क्ष हे एक चिन्ह म्हणून नसतेच. तिथे क, हलंत आणि ष अशी तीन चिन्हे ओळीने असतात, आणि फॉन्ट त्यांचे जोडाक्षर घडवतो. ‘कि’मधली वेलांटी फाइलमध्ये क नंतर येते आणि पडद्यावर त्याच्या आधी दिसते. प्रोकोपोव्ह यांच्याच फिरा कोड या फॉन्टमध्ये ‘पेक्षा लहान’ हे आणि बरोबरचे चिन्ह लागोपाठ आले की त्यांचे एकच सांधलेले चिन्ह दिसते, पण फाइलमध्ये दोन्ही चिन्हे सुटीच असतात. ही करामत ओपनटाइप फॉन्टांतल्या ज्या सोयीवर चालते, त्याच सोयीवर आपली जोडाक्षरेही उभी आहेत. मराठीत पडद्यावर वाचणारा प्रत्येक जण, नकळत का होईना, साठवलेल्यापेक्षा वेगळे रूप रोज वाचत असतो.

आता जबाबदारीची बाजू. रूप माझे असेल, तर ते मजकुरात मिसळण्याचा मला अधिकार नाही. एकाखाली एक ओळींतली बरोबरची चिन्हे एका रेषेत यावीत म्हणून अनेक जण मधे मोकळ्या जागा भरतात. त्यांच्या पडद्यावर ते देखणे दिसते. पाइक यांच्यासारख्या कमीअधिक रुंदीच्या फॉन्टमध्ये ती रेषा मोडते. पुढे एका चलाचे नाव लांबले की आजूबाजूच्या दहा ओळी हलवाव्या लागतात, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला अकरा बदल दिसतात, ज्यातला खरा एकच असतो. टॅब की स्पेस या जुन्या भांडणाचे मूळही इथेच आहे. ओळ आत सरकवायला चार स्पेस टंकल्या तर चार हा आकडा मजकुराचा भाग होतो. टॅब टंकला तर फक्त ‘एक पायरी आत’ एवढेच साठवले जाते, आणि ती पायरी दोन अक्षरांची की आठ, हे जो तो आपल्या सेटिंगमध्ये ठरवतो. ब्रेल पट्टीवर वाचणाऱ्या प्रोग्रामरला हा फरक बोटांना जाणवतो. 40 खणांच्या पट्टीवर तीन पायऱ्या आत असलेली ओळ स्पेसमुळे बारा खण रिकामे घालवते, टॅबने तेच काम तीन खणांत होऊ शकते. पायथनच्या नियमावलीने चार स्पेसचा पायंडा पाडला आणि तो पाळणे हेही सामायिक कामाचे कर्तव्यच आहे. पण गो या भाषेने घेतलेला निर्णय मला अधिक उदार वाटतो. तिच्यासोबत येणारा गोफम्ट हा प्रोग्राम मजकुराची मांडणी सगळ्यांसाठी एकसारखी करून देतो, पायऱ्यांसाठी टॅब वापरतो, आणि टॅबची रुंदी वाचकावर सोडतो. या भाषेच्या रचनाकारांत रॉब पाइक आहेत, हेही इथे नोंदवले पाहिजे.

रूप वाचकाच्या हाती दिल्याने किती दूर जाता येते, याचा सर्वांत मोठा दाखला पुण्याशी नाते सांगतो. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. वाडिया महाविद्यालयात गणित, मग आयआयटी मुंबई, आणि 1994 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. गणिताचा मजकूर ऐकून समजावा अशी ध्वनिरचना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर त्यांनी ईमॅक्सला वाचा देणारा ईमॅकस्पीक लिहिला. तोवरचे पडदावाचक पडद्यावर जी अक्षरे दिसत ती वाचून दाखवत; म्हणजे आधी डोळ्यासाठी रूप तयार व्हायचे आणि मग त्या रूपाचे उच्चारण. रामन यांनी ही वाट सोडली. ईमॅक्स आतून बदलता येतो म्हणून त्यांना थेट मजकुराच्या रचनेपर्यंत पोचता आले, आणि त्या रचनेचे त्यांनी कानासाठी दुसरे रूप घडवले. डोळस माणसाच्या एडिटरमध्ये कॉमेंटचा रंग वेगळा असतो. ईमॅकस्पीकमध्ये कॉमेंटचा आवाज वेगळा असतो. राखीव शब्द एका आवाजात, स्ट्रिंग दुसऱ्या आवाजात. ओळ किती आत सरकली आहे हे स्वराने किंवा बोलून कळते. फाइल उघडली, बंद झाली, की छोटे ओळखीचे नाद होतात.

हे समजले तेव्हापासून थीम या गोष्टीकडे मी हलकेपणाने पाहू शकत नाही. ज्या मजकुराला एक माणूस रंगांत पाहतो तोच दुसरा आवाजांत ऐकतो, आणि दोघे एका प्रकल्पावर बरोबरीने काम करतात. हे घडले ते फाइलने स्वतःच्या अंगावर कोणतेच रूप चढवून घेतले नाही म्हणून. साधा, रंगहीन, फॉन्टहीन मजकूर दरिद्री वाटतो खरा, पण सगळ्यांना सामावून घेण्याची त्याची ताकद त्या साधेपणातच आहे.

यात वाहवत जाण्याचा धोका आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. थीममागून थीम बदलत संध्याकाळ सरते आणि लिहायचा प्रोग्राम तिथेच राहतो. यावर सेटिंग्ज बंद करणे हा उपाय नव्हे. हवी ती एक कसोटी. बदल केल्यावर मला कोडमध्ये आधी न दिसणारे काही दिसू लागले का? कंसांच्या जोड्यांना रंग दिल्यावर आत आत गेलेली अट चटकन उलगडली का? अदृश्य मोकळ्या जागा दिसू लागल्यावर टॅब आणि स्पेसची सरमिसळ ध्यानात आली का? अक्षर मोठे केल्यावर संध्याकाळी डोके दुखायचे थांबले का? उत्तर होय असेल तर बदल ठेवावा. उत्तर नाही असेल तर मूळ सेटिंगकडे परतायला एक क्षण लागतो, आणि फाइलला त्याचा पत्ताही लागत नाही.

माझे मागणे शिकवणाऱ्यांकडे आहे. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत पहिल्या वर्षाची मुले येतात तेव्हा एडिटर जसा उघडेल तसाच वापरायचा असतो, अशी त्यांची समजूत असते. कोणी डोळे बारीक करून वाचत असते, कोणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नसतो आणि ते सांगायचा संकोच असतो, कोणी मराठी अक्षरे तुटलेली पाहून इंग्रजीकडे वळलेले असते. पहिला प्रोग्राम लिहायला सांगण्याआधी त्यांना सेटिंग्जचे पान उघडून दाखवा. अक्षर मोठे कसे करायचे, पार्श्वभूमी कशी बदलायची, ओळीची उंची कुठे वाढते, देवनागरी फॉन्ट कुठे लिहायचा, आणि यातले काहीही केले तरी फाइल बदलत नाही, एवढे सांगा. दहा मिनिटांचे काम आहे. त्या दहा मिनिटांत मूल प्रोग्रामिंगचा एक मूलभूत धडा शिकेल: मजकूर सगळ्यांचा असतो, त्यात आपली आवड लादायची नाही, आणि तो कसा वाचायचा हे ठरवायला आपण मुखत्यार आहोत.